बाड कोणाच्या दुकानात द्यावं? लंडन, १७७० ते १८०३

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पुस्तकविक्रेता म्हणजेच प्रकाशक. बाड तोच घ्यायचा, छापून तोच आणायचा आणि दुकानात मांडायचाही तोच. म्हणून इथे या दुकानांची पारख लेखिकेला गिऱ्हाईक धरून केली आहे. व्यवहाराच्या तऱ्हा मुख्यतः चार होत्या. हक्क एकरकमी विकायचे, आधी वर्गणीदार जमवायचे, नफ्यात अर्धेली ठेवायची, नाहीतर अडतीवर द्यायचं. अडतीत छपाईचा खर्च लेखिकेचा आणि दुकानदाराला विक्रीवर दलाली. दुकानाच्या पाटीपेक्षा यातली कुठली तऱ्हा पदरात पडते, यावर सगळं ठरायचं.

फ्लीट स्ट्रीटचे टॉमस लाउंड्झ निनावी बाडही बघत. डॉड्स्ली या दुसऱ्या पुस्तकविक्रेत्याने बाड निनावी एवढ्याच कारणावरून कादंबरीकार फॅनी बर्नीला नकार दिला होता. वडिलांच्या संगीताच्या इतिहासाच्या मुद्रणप्रती तिनेच लिहिलेल्या, त्यामुळे छापखान्यात अक्षर ओळखलं जाण्याची भीती. म्हणून ‘एव्हेलिना’ ही कादंबरी तिने अक्षर बदलून उतरवली. दुकानात बाड भावाने नेलं, वेश पालटून, आणि उत्तरं मागवली हेमार्केटच्या ऑरेंज कॉफी हाउसच्या पत्त्यावर. लाउंड्झने अपुरं बाड छापायला नकार दिला आणि तिसरा खंड लिहून होईपर्यंत थांबला. त्याचं हे बरोबरच होतं.

पैशांचं मात्र तसं नाही. १७७८ ची पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, नुसत्या शिवलेल्या तीन खंडांची किंमत साडेसात शिलिंग. म्हणजे सगळ्या प्रती मिळून छापील किमतीने १८७ पौंड १० शिलिंग. त्यातून कागद, छपाई, इतर दुकानदारांची सूट जाणार, हे कबूल. पण हक्कांचे तिला मिळाले २० गिनी, म्हणजे २१ पौंड, आणि पुढच्या आवृत्त्या भराभर निघाल्या. हक्क विकण्यातली मेख हीच. भाव ठरतो पुस्तक निघण्याआधी, तेव्हा नवखीकडे दाखवायला काही नसतं. नाव झालं की तोच व्यवहार अंगावर येत नाही. १७८२ मध्ये बर्नीच्याच ‘सेसिलिया’चे पेन आणि कॅडेल यांनी २५० पौंड दिले. अ‍ॅन रॅडक्लिफला रॉबिन्सन मंडळींनी १७९४ मध्ये ‘उडॉल्फो’चे ५०० दिले आणि कॅडेल-डेव्हिसनी १७९७ मध्ये पुढच्या कादंबरीचे ८००.

कमाईचा सगळ्यात चांगला रस्ता वर्गणीचा, पण तो ओळखीपाळखीवर चालतो. जुन्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी छापायचे, तोच प्रकार. १७९६ मध्ये बर्नीच्या ‘कॅमिला’ कादंबरीच्या पाच खंडांना एक गिनी वर्गणी होती आणि हजारावर वर्गणीदार मिळाले. त्यांत स्टीव्हनटनची कुमारी जे. ऑस्टेनही होती. नावनोंदणीच्या वह्या बड्या घरच्या बायकांनी सांभाळल्या, आणि वर हक्कांचे १००० पौंड निराळे मिळाले. उलट फिलिस व्हीटलीची बोस्टनमधली वर्गणी १७७२ मध्ये पुरी भरलीच नाही. गुलामगिरीतल्या काळ्या मुलीच्या कवितांना तिथे पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. १७७३ मध्ये पुस्तक निघालं ते लंडनच्या आर्चिबाल्ड बेलकडून, आणि त्यालाही कविता तिच्याच आहेत अशी बोस्टनच्या १८ प्रतिष्ठितांची सही लागली!

माझं मत विचाराल तर पहिला नंबर सेंट पॉल्स चर्चयार्ड, क्र. ७२ वाल्या जोसेफ जॉन्सनचा. बार्बॉल्ड, वुलस्टनक्राफ्ट, एजवर्थ, तिघींचं तिथे छापलं गेलं. वुलस्टनक्राफ्टला त्याने भाषांतरं दिली, आपल्या मासिकात परीक्षणं दिली. नुसतं पुस्तक घेण्यापेक्षा हे मोलाचं, कारण घर चालतं ते नेमाने येणाऱ्या कामावर. १७९० मध्ये ती फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्कला उत्तर लिहीत होती, आणि जसजसं लिहून होईल तसतसे फर्मे छापले जात होते. अर्ध्यावर तिचा धीर सुटला. जॉन्सन म्हणाला, नको असेल तर छापलेलं सगळं टाकून देऊ. ती चिडली, आणि पुस्तक पुरं केलं. धोका एवढाच की दुकान सरकारच्या डोळ्यांवर होतं. १७९९ मध्ये जॉन्सनला सहा महिन्यांची कैद झाली.

विल्यम लेनच्या मिनर्व्हा प्रेसबद्दल फार लिहायला नको. लेडनहॉल स्ट्रीटवरून ‘एका स्त्रीने लिहिलेल्या’ कादंबऱ्या धडाधड निघत. गावोगावच्या दुकानदारांना तो तयार फिरती वाचनालयंही पुरवायचा. नवखीचं बाड लवकर छापून निघायचं, पण मोबदला बेताचाच.

दुकान कुठलंही असो, दोन गोष्टी आधी बघाव्यात. बाई विवाहित असेल तर कायद्याने तिची कमाई नवऱ्याची. शार्लट स्मिथ नवऱ्यापासून वेगळी राहायची, तरी तिच्या पैशांवर त्याचा हात पडायचाच. दुसरी गोष्ट मुदतीची. १८०३ मध्ये क्रॉस्बी या पुस्तकविक्रेत्याने जेन ऑस्टेनची ‘सुसान’ ही कादंबरी १० पौंडांना घेतली, जाहिरातही केली, आणि बाड ठेवून दिलं. १८०९ मध्ये तिने टोपणनावाने विचारणा केली, तर उत्तर आलं की छापण्याची मुदत ठरलेलीच नव्हती, दुसरीकडे छापाल तर अडवू, हवं तर १० पौंड देऊन परत न्या. ते परत मिळायला १८१६ उजाडलं. तोवर दुसऱ्याच कुणाची ‘सुसान’ बाजारात येऊन गेली होती, आणि ऑस्टेनला नायिकेचं नाव कॅथरिन करावं लागलं.