नुसती चाकं की अख्खी बोगी?

मॉडेल रेल्वेतली एचओ मापाची (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) वाघीण, म्हणजे मालडबा, वळणावर घसरू लागली की दोन वाटा असतात. बोगी, म्हणजे डब्याखालची चाकं धरणारी फिरती चौकट, तीच ठेवून प्लास्टिकच्या जागी धातूची चाकं बसवायची, नाहीतर बोगीच नवी घ्यायची.

मी आधी चाकं बदलतो. दादरला खिडकी उघडी राहिली की रुळांवर धूळ बसतेच. प्लास्टिकच्या चाकांवर तिचा मळ लवकर थापला जातो. धातूची त्यामानाने स्वच्छ राहतात, शिवाय डब्याचं वजन तळाशी येतं. मात्र आसाची लांबी जुळली पाहिजे. टोकदार आस लांब पडला तर चाक जखडतं, आखूड पडला तर हिंदकळतं. म्हणून जुना आस व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच दुकानात जावं. अमेरिकी मॉडेलमध्ये साध्या वाघिणीला (खऱ्या गाडीच्या मापाने) ३३ इंची चाक, म्हणजे मॉडेलवर सुमारे ९.६ मिमी, १०० टनी वाघिणीला ३६ इंची.

चौकटच वाकडी असेल किंवा आसाची भोकं झिजली असतील, तर नवी चाकं घालणं म्हणजे पैसे वाया. तिथे अख्खी बोगीच घ्यावी. खर्च जास्त, आणि कपलिंगची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची कमी झाली तर पातळ वॉशर घालावा लागतो. बसवताना एका बोगीचा स्क्रू ती फक्त फिरेल इतपत आवळावा, दुसरीचा किंचित सैल ठेवावा. मग उंचसखल रुळावरही आठही चाकं टेकतात.