क्लेम माझा, लॉगिन त्यांच्या हातात

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. ग्रीन कार्डावर अमेरिकेच्या लष्करात भरती झालो आणि २०११ साली अफगाणिस्तानात बग्रामला होतो. तिथे प्लास्टिक, बॅटऱ्या, सगळा कचरा उघड्या खड्ड्यात जाळायचे. नाक तेव्हा बिघडलं ते बिघडलंच. २०२२ च्या पॅक्ट कायद्यानंतर जुनाट सायनस हा त्या धुराचाच आजार धरला जातो, म्हणून व्हीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडून, मला ३० टक्के रेटिंग मिळालं. रेटिंग म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी, महिन्याची भरपाई तिच्यावरच ठरते.

पुढे स्लीप अ‍ॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार. रात्री सीपॅप या हवा सोडणाऱ्या यंत्राचा मास्क, सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ. आधीच्या मंजूर आजारामुळे दुसरा झाला किंवा बळावला, असं डॉक्टरांनी कारणांसह लिहून दिलं तर तो 'सेकंडरी' म्हणून मंजूर होऊ शकतो. हे मला फोनवर एका 'क्लेम सल्लागारा'कडून कळलं. तो स्वतःला माजी सैनिक म्हणवायचा, मला 'ब्रदर' म्हणायचा. मी विरघळलो. गावाकडे पेन्शनच्या कागदांसाठी लोक एजंटाला पैसे मोजतात हे लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे फी मागितली यातही काही वावगं वाटलं नाही.

रेटिंग वाढलं तर महिन्याला जेवढे पैसे वाढतील त्याच्या पाचपट फी, असा करार झाला. माझा सोशल सिक्युरिटी नंबर घेतला, व्हीएचं लॉगिन घेतलं, बँक खातं जोडून घेतलं. "आमच्या डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत काहीही दाखल करू नकोस," असं बजावलं. मी सात महिने थांबलो. खरं तर फॉर्म २१-०९६६ भरून क्लेम करण्याचा इरादा नुसता नोंदवला असता, तरी ती तारीख वर्षभर राखली गेली असती. थकबाकी त्याच तारखेपासून मिळते. माझे आठ हजार डॉलरच्या वर तिथेच बुडाले, आणि ते आता कधीच मिळणार नाहीत.

पत्र आलं ते मला कधीही न तपासलेल्या डॉक्टरचं. तिसऱ्या परिच्छेदात 'उजव्या गुडघ्याची दुखापत'. माझे गुडघे ठणठणीत आहेत! दुसऱ्या कुणाचं तरी पत्र नाव बदलून दिलेलं. सल्लागार म्हणाला, चालतं. क्लेम नामंजूर झाला.

मग मी काउंटीच्या (म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या) व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरकडे, माजी सैनिकांना क्लेममध्ये मदत करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. त्या बाईंनी एक पैसा घेतला नाही. माझ्या झोपेच्या डॉक्टरांकडून नीट पत्र घ्यायला लावलं आणि वर्षाच्या आत सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज, टाकला. अ‍ॅप्नियासाठी ५० टक्के मंजूर झाले. ५० आणि ३० चे ८० होत नाहीत. व्हीएच्या हिशेबात ६५ होतात आणि ते ७० धरले जातात. २०२५ च्या दरानं एकट्या माणसाला महिना ५३७ डॉलरऐवजी १,७५९.

चौथ्या दिवशी सल्लागाराचं बिल आलं, ६,१०० डॉलरचं. मी निकाल कुणाला सांगितलाही नव्हता. लॉगिन अजून त्यांच्याकडेच होतं. दोन हप्ते खात्यातून गेले, तेव्हा मी बाईंना करार दाखवला. त्यांनी सांगितलं, पहिल्या क्लेमसाठी फी घ्यायची मुभा कायद्यानं कुणालाच नाही, अधिकृत वकिलालासुद्धा नाही. तो पहिल्या निर्णयानंतरच घेऊ शकतो. अधिकृत माणसांची नावं व्हीएच्या जनरल कौन्सेल, म्हणजे कायदेविषयक, कार्यालयाच्या यादीत शोधता येतात. आमच्या 'ब्रदर'चं नाव त्यात नव्हतं. मी पासवर्ड बदलला, बँकेला हप्ते थांबवायला सांगितले. गेलेले दोन अजून परत आलेले नाहीत.

परवा माझ्या जुन्या प्लाटूनमधल्या एकाला त्याच माणसाचा फोन आला, तेच गोड बोलणं. त्यानं मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा मी त्याला फोन ठेवू दिला नाही. बोलता बोलताच २१-०९६६ भरायला लावला.