महापालिकेची अनधिकृत बांधकाम तक्रार सेवा: पाचपैकी दीड स्टार

रेस्टॉरंटचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, पण ज्या सेवेचे पैसे आपण दरवर्षी घरपट्टीतून न चुकता भरतो तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितोय. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या हद्दीत राहतो, नाव देत नाही. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक तळमजला अधिक दोन अशी जुनी इमारत आहे, तिच्यावर बघता बघता तिसरा आणि चौथा मजला चढला. ना बोर्ड, ना परवानगीचा नंबर, काम रात्रीचं. त्यांच्या सळ्या आमच्या जिन्याच्या खिडकीपर्यंत आल्या आणि आमच्या भिंतीला तडे गेले तेव्हा आम्ही तक्रार केली.

आधी चांगलं सांगतो. ॲप बरं आहे, फोटो आणि लोकेशन टाकता येतं, टोकन नंबर लगेच येतो. कचरा, स्ट्रीट लाईट, गटाराचं झाकण अशा तक्रारींना माझ्याकडून पाचपैकी चार, झाकण तर तिसऱ्या दिवशी बसवून गेले. वॉर्ड ऑफिसमधले खालचे कर्मचारी नीट बोलतात, बसायला खुर्ची देतात.

पण अनधिकृत बांधकामाची तक्रार टाकली की गाडी अडते. पहिली तक्रार "निवारण झाले" असा शेरा मारून बंद झाली, साइटवर कोणी आलंच नव्हतं. मग लेखी अर्ज दिला, पोच घेतली. मग ज्युनिअर इंजिनिअर येऊन खालून फोटो काढून गेला. मग कळलं नोटीस निघाली आहे, पण ती बजावली गेलीये का हे कोणी सांगेना. माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर आलं की कारवाई "पोलीस बंदोबस्त उपलब्ध होताच" होईल. तोपर्यंत चौथ्या मजल्यावर भाडेकरू राहायला आले. इमारत कोणाची आहे हे अख्ख्या वॉर्डाला माहीत आहे, सत्तेतल्या पक्षाचा पदाधिकारी आहे, आणि ज्युनिअर इंजिनिअर मला जिन्यात हळूच म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं तर मी पहिल्याच दिवशी काम थांबवलं असतं हो."

त्याच काळात आमच्याच रस्त्यावरच्या एका प्रिंटिंगवाल्याची पावसाळी शेड एका दुपारी जेसीबीने उडवली. त्याच्याकडे शेडच्या परवानगीचा कागद होता, तो हातात धरून उभा होता, कोणी वाचला नाही. त्याचा पुतण्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या पक्षात गेला होता. तेव्हा पोलीस बंदोबस्त मिळाला, जेसीबी मिळाला, माणसं मिळाली, एका दिवसात सगळं मिळालं. म्हणजे ही यंत्रणा स्लो आहे असं म्हणणं खोटं आहे. यंत्रणा फास्ट आहे, फक्त ती कोणासाठी पळणार हे अर्जावर ठरत नाही, फोनवर ठरतं.

आणि हे फक्त आमच्या वॉर्डातलं रडगाणं नाहीये. मुंबईचंच बघा. ९ सप्टेंबर २०२० ला पाली हिलला कंगना राणावतचं ऑफिस पाडलं. मुंबई महापालिका कायद्याच्या ३५४अ कलमाखाली नोटीस दिली, २४ तासांची, दुसऱ्या दिवशी सकाळी पथक हजर. हे कलम चालू असलेलं काम थांबवण्यासाठी आहे. हायकोर्टाने कागद बघितले तर तिथे काम चालूच नव्हतं, जे होतं ते आधीपासूनचं होतं. २७ नोव्हेंबर २०२० ला न्या. काथावाला आणि न्या. छागला यांच्या खंडपीठाने नोटीस रद्द केली, कारवाई दुष्ट हेतूने केली असं म्हटलं आणि नुकसान किती ते ठरवायला मूल्यमापक नेमायला सांगितलं. कोर्टाने तिलाही बोलताना संयम ठेव असं सुनावलं, ते योग्यच होतं, मला तिची बहुतेक विधानं पटत नाहीत. पण तिने सरकारवर टीका केली म्हणून हातोडा पडला हे न कळायला आपण काय दूधखुळे आहोत का? पाडकामाच्या दिवशीच कोर्टाने आदेशात लिहिलं होतं की शहरातल्या बाकीच्या असंख्य अनधिकृत बांधकामांबाबत महापालिका इतक्याच वेगाने वागली असती तर हे शहर राहायला पूर्ण वेगळं झालं असतं. ते वाक्य मी आमच्या अर्जासोबत जोडलंय.

तेव्हा राज्यात महाविकास आघाडी होती आणि महापालिकेत शिवसेना. आता पुढचं बघा. मार्च २०२५, राज्यात महायुती, मुंबई महापालिकेवर प्रशासक. कॉमेडियन कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर विडंबन केलं, त्याचा व्हिडिओ आला, त्याच रात्री शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी तो कार्यक्रम जिथे झाला होता तो खारमधला हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. बाराजण अटक झाले आणि त्याच दिवशी जामिनावर बाहेर. आणि लगेच २४ मार्चला महापालिकेचं पथक हातोडे घेऊन कुठे गेलं, तर फोडलेल्या त्याच स्टुडिओत, तिथली शेड अनधिकृत आहे म्हणून. अहो, शेड असेलही अनधिकृत! पण ती आदल्या दिवशीपर्यंत कोणाला दिसली नव्हती का? ज्यांची जागा फुटली त्यांच्याच दारात दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं पाडायला येतात, हे बघून बाकीच्या हॉलवाल्यांनी काय समजायचं? २०२० ला ज्यांनी लोकशाहीचा खून झाला म्हणून गळे काढले ते २०२५ ला "नियमानुसार कारवाई" म्हणाले, आणि २०२० ला जे "नियमानुसार कारवाई" म्हणत होते त्यांना २०२५ मध्ये अभिव्यक्ती स्वातंत्र्य आठवलं. मी दोन्ही वेळेला चिडलो होतो आणि दोन्ही वेळेला व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगवेगळ्या लोकांनी मला शिव्या घातल्या.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण मला जुहूच्या "अधीश" बंगल्याचं वाटतं, कारण तिथे बंगला तोच, कायदा तोच, महापालिका तीच, आणि मत मात्र बदललं. नारायण राणेंच्या त्या बंगल्याबद्दलची तक्रार जुनी होती, पण महापालिकेचं पथक तपासणीला गेलं फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे राणे आणि ठाकरे सरकार यांचं भांडण टिपेला पोचलेलं असताना. जूनमध्ये महापालिकेने वाढीव बांधकाम नियमित करायला नकार दिला, हायकोर्टाने तो उचलून धरला. जूनअखेर सरकार बदललं. मग दुसरा अर्ज आला आणि हीच महापालिका कोर्टात म्हणते की आम्ही विचार करायला तयार आहोत! न्या. धानुका आणि न्या. खाता यांनी २० सप्टेंबर २०२२ ला हे फेटाळलं, अनधिकृत भाग दोन आठवड्यांत पाडा म्हणाले आणि १० लाखांचा दंड लावला. सुप्रीम कोर्टानेही दाद दिली नाही. म्हणजे बांधकाम खरोखरच अनधिकृत होतं, तरी इतकी वर्षं धक्का लागला नाही, मग सूड घ्यायचा म्हणून फाईल वर आली, मग आपला माणूस म्हणून ती खाली ढकलायचा प्रयत्न झाला. कायदा त्या फाईलमध्ये नुसता पडून होता.

यात आयुक्तांना किती दोष द्यायचा हा प्रश्न आहे. आयुक्त राज्य सरकार नेमतं, बदली सरकारच्या हातात. आणि मुंबईत मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे, म्हणजे मंत्रालयाकडे. पूर्वी निदान विरोधी नगरसेवक सभागृहात उठून आरडाओरडा करायचा, तेवढंही राहिलं नाही. वरचा नाही म्हणू शकत नाही, खालचा तर बिचारा सस्पेंड व्हायच्या भीतीत, आणि मध्ये आपण टोकन नंबर घेऊन उभे.

आता नागपूर. १७ मार्च २०२५ ला दंगल झाली, वाईट झाली, पोलीस जखमी झाले, दोषींना शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण २४ मार्चला, म्हणजे हॅबिटॅटवर हातोडा पडला त्याच दिवशी, मुख्य आरोपी म्हणून पकडलेल्या माणसाचं दुमजली घर महापालिकेने पाडलं. मुख्यमंत्र्यांनी दोनच दिवस आधी बुलडोझरचा उल्लेख केलेला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर घर गेलं होतं. नंतर नागपूरच्या आयुक्तांनी कोर्टात बिनशर्त माफी मागितली, कारण काय, तर पाडकाम कसं करायचं याबद्दलचे सुप्रीम कोर्टाचे निर्देश अधिकाऱ्यांना माहीत नव्हते. चार महिन्यांपूर्वीचा निकाल, देशभर पहिल्या पानावर छापून आलेला, तो देणारे न्या. भूषण गवई विदर्भातलेच, अमरावतीचे, आणि नागपूर महापालिकेला माहीत नाही! मी घरपट्टी भरायला एक दिवस उशीर केला तर "मला माहीत नव्हतं" चालेल का?

मालवणचंही तसंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान मॅचनंतर एका भंगारवाल्याच्या घरातल्या पोराने देशविरोधी घोषणा दिली असा आरोप झाला आणि दुसऱ्याच दिवशी दुकान पाडलं. पोरगा पंधरा वर्षांचा. घोषणेचा आणि पत्र्याच्या शेडचा काय संबंध? सुप्रीम कोर्टाने मालवण नगरपरिषदेला अवमानाची नोटीस काढली.

सुप्रीम कोर्टाचा पाडकामाबद्दलचा तो निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा आहे आणि तो प्रत्येकाने वाचावा, कारण या सेवेचं खरं मॅन्युअल तेच आहे. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, शिवाय दारावर चिकटवलेली. नोटिशीत नक्की काय बेकायदा आहे ते लिहायचं आणि सुनावणीची तारीख द्यायची. नोटीस निघाली की जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल जायला पाहिजे, म्हणजे नंतर मागची तारीख टाकून कागद तयार करता येणार नाहीत (हा मुद्दा ज्याने घातला त्याला आपली ऑफिसं नीट माहीत असणार). आदेशात कारणं द्यायची, पाडणं हाच एकमेव उपाय का आहे ते सांगायचं, आदेशानंतर परत १५ दिवस थांबायचं, पाडकामाचं व्हिडिओ शूटिंग करायचं. आणि हे मोडलं तर अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायची. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगत किंवा नदीवरचं अतिक्रमण असेल तर मात्र हे संरक्षण नाही, तेही लक्षात ठेवा, नाहीतर टपरीवाल्याला उगाच खोटी आशा दाखवाल.

मला काही लोक म्हणतात, तुम्हीच पाडा पाडा म्हणून अर्ज करता आणि तुम्हीच बुलडोझरला विरोध करता, एक काय ते ठरवा. ठरलंय माझं. माझ्या शेजारच्या चौथ्या मजल्यालाही १५ दिवसांची नोटीस द्या, त्याचंही म्हणणं ऐका, भाडेकरूंना दुसरीकडे जायला वेळ द्या, आणि मग पाडा. ज्याचा राग येतो त्याला चोवीस तास आणि जो आपला त्याला पाच वर्षं, हे बंद करा. आणि हा फक्त न्यायाचा मुद्दा नाही, जिवाचा आहे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली, महापालिकेचे अधिकारीही अटक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अनधिकृत इमारत पडली, १७ जण गेले. आपल्या बाजूला काय चाललंय हे त्या भागांत कोणालाच दिसत नसेल का? जेसीबी शत्रूचं ऑफिस शोधत फिरत असतो तेव्हा असे मजले शांतपणे चढत असतात.

तक्रार करणार असाल तर नुसत्या ॲपवर विसंबू नका. लेखी अर्ज द्या, आवक नंबर घ्या, पदनिर्देशित अधिकाऱ्याचं, म्हणजे अनधिकृत बांधकामावर कारवाईची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचं, नाव विचारून अर्जातच लिहा. महिन्याभराने माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा: नोटिशीची प्रत, ती बजावल्याचा पंचनामा आणि बंदोबस्त मागितल्याचं पोलिसांना पाठवलेलं पत्र. आमच्या केसमध्ये तिसरं पत्र पाठवलेलंच नव्हतं, हे असं कळलं. आणि उलट, तुमच्याच दारावर नोटीस चिकटली तर आधी तारखेसकट फोटो काढा, १५ दिवस मोजा, सुनावणीला जाच.

स्टार कसे दिले ते सांगतो. ॲप आणि खालच्या कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला एक. माहिती अधिकारात उत्तर वेळेत आलं त्याचा अर्धा. प्रत्यक्ष कारवाईला शून्य, कारण वेळ लागला म्हणून नाही, तर तोच विभाग प्रिंटिंगवाल्याकडे एका दिवसात पोचला म्हणून. सोसायटीच्या सभेत हायकोर्टात जायचं ठरलंय, वर्गणी जमतेय, वकिलांनी स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागितलाय. आमच्यासारखीच केस कोणाची चालू असेल तर कमेंटमध्ये सांगा, कागद बघायला आवडतील.