मुलाची गाठ: सुई, तुकडा की थेट ऑपरेशन?

मुलाच्या मांडीत किंवा पाठीत गाठ आहे, दुखत नाही, पण वाढतेय. सोलापुरात आईवडिलांपुढे मग तीन पर्याय येतात: बारीक सुईनं पेशी ओढून घेणारी एफएनएसी, जाड सुईनं तुकडा घेणारी कोअर बायोप्सी, नाहीतर "लहानच आहे, काढून टाकू". माझं मत: आधी एमआरआय, मग कोअर बायोप्सी.

एफएनएसी स्वस्त, झटपट. मानेतल्या टीबीच्या गाठीला ती बरी. इथं मात्र अपुरी पडते, कारण हाती येतात फक्त सुट्या पेशी. मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कॅन्सर) म्हणजे ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या गोल निळ्या पेशी लिम्फोमा किंवा युइंग सार्कोमा या दुसऱ्या कॅन्सरांसारख्याच दिसू शकतात. फरक कळतो तो डेस्मिन, मायोजेनिन ही पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं (मार्कर) तपासल्यावर, आणि पुढे फॉक्सओ१ जनुकाच्या तपासणीत. त्याला पुरेसा तुकडा लागतो.

थेट ऑपरेशनचा मोह सगळ्यांत मोठा, धोकाही. निदानाआधी काढलेली गाठ कॅन्सरची निघाली, तर कडेला पेशी राहून गेलेल्या असू शकतात आणि दुसरं ऑपरेशन आणखी मोठं होतं. ऱ्हॅब्डोमध्ये अनेकदा आधी केमो देऊन गाठ लहान करतात. तान्ह्या बाळांच्या फायब्रोसार्कोमात (तंतुमय ऊतींचा कॅन्सर) ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही जनुकं जोडलेली सापडली, तर लॅरोट्रेक्टिनिब या तोंडावाटे घ्यायच्या औषधानं गाठ आकसू शकते, हात-पाय वाचू शकतो. औषध महाग आहे, पण पर्याय आहे हे आईवडिलांना कळायलाच हवं.

"सुई टोचली की पसरतं" ही भीती घराघरांत आहे. त्यावर उपाय ठरलेला आहे: जो सर्जन पुढं ऑपरेशन करणार, त्यानंच सुईची जागा ठरवायची, म्हणजे तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढता येतो.

मुंबईला मूल न्यायचं की तुकड्याचा मेणाचा ब्लॉक? गाठ खोल असेल, वेगानं वाढत असेल, तर बायोप्सीआधीच मुलाला मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलला न्या. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहेच. जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही आहे, आधी तिथं दाखवता येईल. बायोप्सी इथंच झाली असेल, तर रिपोर्टवर थांबू नका. मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड्स लॅबकडून मागून घ्या आणि टाटाच्या पॅथॉलॉजीकडून पुन्हा तपासून घ्या. आणि तुकडा घेताना विचारा: लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये ठेवला का? तुकडा त्या बाटलीत तीन दिवसांहून जास्त पडून राहिला, तर जनुकांची तपासणी बिघडू शकते.