वाळवंटी हवेत झिजलेल्या भिंती: दुरुस्ती सिमेंटने करायची, चुन्याने की मातीने?

विटांमधल्या दर्जा, म्हणजे मसाल्याने भरलेले सांधे, भुसभुशीत झाल्यात, बोट फिरवलं की वाळू गळते, खालच्या थरांच्या विटांचे पापुद्रे सुटतायत आणि गवंडी म्हणतोय की सिमेंट भरून टाकू, परत बघायला नको. त्याला हो म्हणायच्या आधी थोडं थांबा. कोरड्या तापट हवेतल्या जुन्या भिंतींचं सगळ्यात मोठं नुकसान चुकीच्या मसाल्याने केलेल्या दुरुस्तीने होतं असं माझं ठाम मत आहे, आणि ते का हे कळलं की निवड बरीचशी आपोआप होते.

आधी भिंत झिजते कशाने ते बघू. वाळवंटात पाऊस नाही म्हणजे भिंतीत ओल नाही असं वाटतं पण तसं नसतं. पाऊस कमी म्हणून तर जमिनीतले क्षार खाली धुऊन जात नाहीत, वरच्या थरातच साचतात. मग बागेचा स्प्रिंकलर रोज जोत्यावर पाणी उडवतो, एसीचं पाणी पायाशी ठिबकतं, कधीतरी ढगफुटीसारखा पाऊस येऊन भिंतीला तळं लागतं, आणि हे पाणी क्षार घेऊन भिंतीत चढतं. हवा इतकी कोरडी की पाणी झरझर उडून जातं, क्षार मात्र मागे राहतो. वरच्या पृष्ठभागावर राहिला तर पांढरी भुकटी दिसते, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो, ती फक्त दिसायला वाईट. खरा घोळ होतो तो क्षार विटेच्या आत, पृष्ठभागाच्या जरा मागे साचतो तेव्हा. सोडियम सल्फेट नावाचा एक क्षार आहे, ओल असेल तर ३२.४ अंश सेल्सियसच्या खाली तो पाण्याचे दहा रेणू धरून फुगतो, आकारमान तिपटीहून जास्त होतं. वाळवंटातली भिंत दुपारी ह्या तापमानाच्या वर आणि रात्री खाली असं जवळपास रोज करते, म्हणजे विटेच्या आतून रोज थोडा थोडा दाब, आणि मग एक दिवस पापुद्रा हातात येतो.

आता मुख्य प्रश्न असा की ते पाणी बाहेर कुठून पडणार. दर्जेतला मसाला विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असेल तर पाणी दर्जेतून उडतं, क्षार दर्जेत जमतो, झिजायची ती दर्ज झिजते, आणि वीस-तीस वर्षांनी दर्ज परत भरता येते. दर्ज दगडासारखी घट्ट असेल तर पाणी विटेतून वाट काढतं आणि वीट जाते, जी परत मिळणं अवघड. तुलना करायची ती ह्याच मापाने करा.

सिमेंट आणि चुना समोरासमोर

निव्वळ सिमेंट-वाळूचा मसाला लवकर घट्ट होतो, कुठल्याही गवंड्याला जमतो, सामान कुठेही मिळतं, दोन दिवसांत काम दिसायला लागतं. हे फायदे खरे आहेत आणि नवीन, कडक भाजलेल्या यंत्राच्या विटांना किंवा काँक्रीट ब्लॉकला सिमेंटचं प्रमाण जास्त असलेला मसाला चालतोच. पण जुन्या मऊ विटेला तो दोन बाजूंनी मारतो. एक तर वर सांगितलं तसं ओल अडवतो. दुसरं म्हणजे उष्णतेने वीट जितकी फुगते त्याच्या साधारण दुप्पट सिमेंटचा मसाला फुगतो. पहाट आणि दुपार ह्यात भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान ४० अंशांनी बदललं तर तीन मीटर लांबीत विटा जेमतेम पाऊण मिलिमीटर हलतात आणि सिमेंट सव्वा मिलिमीटरच्या पुढे. फरक किरकोळ वाटतो पण रोज घडतो, मग दर्ज आणि वीट ह्यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते आणि पुढच्या पावसाचं पाणी त्या फटीतून आत जाऊन बसतं.

चुन्याचा मसाला मऊ राहतो, बारीक हालचाल सहन करतो, श्वास घेतो. अडचण एकच पण मोठी: त्याला वेळ आणि ओलावा लागतो. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडी होतो आणि ही क्रिया व्हायला छिद्रांमध्ये थोडं पाणी असावंच लागतं. वाळवंटात दुपारी भरलेली दर्ज संध्याकाळपर्यंत ठणठणीत कोरडी, म्हणजे क्रिया थांबली, आणि मग लोक म्हणतात चुना कच्चाच असतो, नखाने निघतो. चुन्याचा दोष नाही तो, पाणीच मिळालेलं नसतं. सुरखी घातली, म्हणजे नीट भाजलेल्या विटेची बारीक पूड, तर मसाला थोडा लवकर धरतो. नॅचरल हायड्रॉलिक लाइम मिळत असेल तर अजून सोपं, कारण त्याचा एक भाग पाण्यानेच घट्ट होतो. त्याचे २, ३.५ आणि ५ असे ग्रेड येतात, हा आकडा म्हणजे २८ दिवसांनंतरची किमान ताकद मेगापास्कलमध्ये, म्हणजे किती दाब सोसतो त्याचं माप. घराच्या भिंतीला ३.५ बहुतेक ठिकाणी पुरतो.

ह्या दोघांच्या मधला रस्ता म्हणजे सिमेंट-चुना-वाळू एकत्र, आणि बऱ्याच जणांसाठी व्यवहार्य उत्तर हेच असतं. एएसटीएम सी२७० ह्या अमेरिकन मानकात टाइप एन म्हणजे ढोबळमानाने सिमेंट, चुना, वाळू ह्याच क्रमाने १:१:६, किमान ताकद ५.२ मेगापास्कल. टाइप ओ म्हणजे १:२:९ आणि २.४ मेगापास्कल. सगळ्यात कडक टाइप एम १७.२ मेगापास्कलचा असतो, तो जुन्या विटेच्या जवळपासही नको. ताकदीचा मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका, दर्ज भरताना भिंतीला ताकद द्यायची नसते, वजन विटा आणि आतला जुना मसाला पेलतच असतो.

मी निवड अशी करीन. भिंत जुनी, वीट नाण्याने ओरखडली तर भुकटी पडते, जुन्या मसाल्यात चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या दिसतायत: मग चुना, हायड्रॉलिक मिळाला तर उत्तम. पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच १८२४ चं आहे आणि घरांच्या बांधकामात ते सर्रास यायला पुढे बरीच दशकं गेली, त्यामुळे घर खूप जुनं असेल तर मूळ मसाला सिमेंटचा नसणार हे धरून चाला. वीट मध्यम कडक आणि आठवडाभर पाणी मारायला घरात कुणी नाही: १:२:९, आणि वीट चांगली कडक असेल तर १:१:६. म्हणजे पाणी मारणं जमणार आहे का, हे वस्तू निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि हे कोणी आधी विचारतच नाही.

मातीच्या विटेचं घर असेल तर

इथे तुलना करायला फारसं काही नाही. कच्च्या विटेच्या भिंतीला मातीच, वाळू आणि भुसा मिसळून, फार तर बाहेरून चुन्याचा पातळ हात. सिमेंटचा गिलावा वर केला की तो छान दिसतो आणि मागे भिंत ओल धरून चिखल होत जाते, बाहेरून पत्ताही लागत नाही. न्यू मेक्सिकोतल्या रांचोस दे ताओसच्या चर्चचं असंच झालं होतं, १९६७ मध्ये कडक सिमेंटचा गिलावा केला, आत ओल अडकून मातीच्या विटा खराब व्हायला लागल्या आणि १९७९ मध्ये तो सगळा काढून परत मातीचा गिलावा सुरू केला, जो लोक आजही वेळोवेळी नवा करतात. मातीला देखभाल वारंवार लागते हे खरं, पण तो लिंपणाचा हात स्वस्त असतो आणि भिंत वाचते.

भरायची पद्धत

मसाला कुठलाही घ्या, जुनी दर्ज दर्जेच्या रुंदीच्या किमान दोन ते अडीच पट खोल उकरायची, १० मिलिमीटरची दर्ज असेल तर २० ते २५ मिलिमीटर आत. वरवर पातळ थर थापला तर तो पुढच्या उन्हाळ्यात सुटून पडतो, मग चुना होता की सिमेंट ह्याने काही फरक पडत नाही. उभ्या दर्जांना ग्राइंडर लावू देऊ नका, विटेच्या कडा कापल्या जातातच, छिन्नी आणि हातोडीच बरी. वेळ आणि मजुरी सगळी ह्या उकरण्यात जाते, सामानाचा खर्च त्यापुढे थोडा, म्हणून चुना महाग पडतो का सिमेंट ह्यावर फार डोकं लावू नका.

वाळू मात्र बघून घ्या. टेकाडावरची वाऱ्याने आलेली वाळू फुकट मिळते पण ती गोल, बारीक आणि बऱ्याचदा खारट असते, म्हणजे ज्या क्षारापासून सुटका हवी तोच आपण पैसे खर्चून आत भरणार. धुतलेली, टोकदार दाण्यांची वाळू हवी.

उन्हाचं गणित असं की तापमान ३८ च्या वर, किंवा ३२ च्या वर आणि सोबत वारा असेल तर ते उष्ण हवेतलं बांधकाम धरतात आणि जास्तीची काळजी घेतात. सावलीत काम, गार पाणी, मसाला कालवल्यावर सिमेंटवाला असेल तर दोन तासांत संपवायचा, आणि ताज्या कामावर पहिले तीन दिवस दिवसातून किमान तीनदा बारीक फवारा. चुन्याला ह्याहून जास्त, ओलं गोणपाट टांगून निदान आठवडाभर. विटेवर नाण्याएवढ्या वर्तुळात वीस थेंब पाणी टाकून बघा, दीड मिनिटात सगळं पिऊन टाकलं तर वीट आधी भिजवून ठेवायला लागते, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते. शक्य असेल तर हे काम उन्हाळ्यात काढूच नका.

फुटलेल्या विटा बदलायच्या की लिंपायच्या? एखादा पापुद्रा गेला असेल तर तशीच सोडा, खरंच. अर्धी झिजली असेल तर काढून उलटी फिरवून बसवता येते का बघा, मागची बाजू बऱ्याचदा धड असते. सिमेंटने तोंड लिंपलेली वीट मात्र वर्ष-दोन वर्षांत पुन्हा सुटते, आणि जाताना अजून थोडी वीट घेऊन जाते.

सीलर, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून लावायचा लेप, मारू का, हा प्रश्न हमखास येतो. रंगासारखी फिल्म धरणारा सीलर किंवा प्लास्टिक रंग, नको. सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा, आत मुरणारा, वाफ जाऊ देणारा असतो तो वरून पावसाचे फटके खाणाऱ्या भिंतीला ठीक, पण जिथे खालून क्षार चढतोय तिथे तोही नको, कारण क्षार मग त्या मुरलेल्या थराच्या मागे साचतो आणि सगळा थरच ढकलून काढतो. चुन्याची सफेदी ह्या दोन्हींपेक्षा बरी, आणि पांढऱ्या रंगाने भिंत तापतेही कमी. साफ करायला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, अजिबात नाही, विटेवरची भाजलेली कडक साल निघून जाते. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका, पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत. ॲसिडने चुन्याची दर्ज खाल्ली जाते आणि वर नवीन क्लोराइडचा क्षार मिळतो.

हे सगळं करण्याआधी पाणी बंद करा. स्प्रिंकलरचं तोंड फिरवा, एसीची नळी लांब न्या, भिंतीला लागून असलेली माती उतार देऊन बाहेर काढा, आणि एक ऋतू जाऊ द्या. बऱ्याच भिंतींत मग फक्त खालच्या मीटरभराची दर्ज भरायला लागते, जिथे वाऱ्याने उडणारी वाळूही जास्त घासते. आणि आधीच कुणी सिमेंटची दर्ज भरून ठेवली असेल पण ती विटेला घट्ट धरून असेल, आसपासच्या विटा शाबूत असतील, तर ती काढायच्या मागे लागू नका, उकरताना विटांच्या कडा तुटतील. पोकळ वाजते किंवा फट दिसते तेवढीच काढा, आणि आधी न दिसणाऱ्या बाजूला मीटरभर नमुना भरून, वाळल्यावर रंग आणि कडकपणा बघून मगच पुढे जा.