क्रम्बवाले मफिन: कागदी लिंबू की नागपुरी संत्रं?

क्रम्ब म्हणजे मफिनवर भुरभुरायचा मैदा, साखर आणि बटरचा चुरा. लिंबाचे असोत की संत्र्याचे, दोन्ही मफिनचा पाया एकच. 12 मफिनसाठी मैदा 250 ग्रॅम, साखर 150, वितळलेलं बटर 100, दही 120, दोन अंडी, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. फरक पडतो तो साल आणि रसात.

कागदी लिंबाची साल पातळ, म्हणून चार लिंबं घ्या आणि फक्त वरचा रंग किसा. पांढरा भाग आला की मफिन कडू झालाच. कीस साखरेत बोटांनी चोळा. साखर ओलसर होऊन तिला वास सुटला पाहिजे. रस दोन मोठे चमचे पुरे.

संत्र्याची साल सैल असते, किसणीखाली सरकते. त्यामुळे सोलायच्या आधी, फळ घट्ट धरून किसा. रस मात्र सौम्य. चव यावी म्हणून अर्धी वाटी रस ओतला की घोळ पातळ होतो आणि क्रम्ब सरळ बुडतो. तेवढा रस आटवून दोन मोठे चमचे करा, गार करा, मग घाला.

क्रम्बसाठी मैदा 60, साखर 50, फ्रीजमधलं गार बटर 40 ग्रॅम बोटांच्या टोकांनी चुरा; वाटाण्याएवढे गोळे राहू द्या. बटर मऊ झालं तर क्रम्ब वितळून पसरतो. क्रम्ब घोळावर भुरभुरा आणि ओव्हनमध्ये 190 अंश सेल्सिअसवर 20 ते 22 मिनिटं भाजा.

आमची पसंती लिंबाला: गोड क्रम्बखाली तो आंबटपणा हवाच. संत्र्याचे करायचे तर क्रम्बमधली साखर 40 ग्रॅमवर आणा.