इंदूरच्या सराफ्यात १९३९ चा रुपया तपासला: टंच मशीन, काकांचं भिंग आणि स्लॅब

ज्यांना लिलावात महागडं नाणं लागलंय आणि पार्सल घरी आल्यापासून "खरं असेल ना?" ह्या एका प्रश्नाने डोकं खाल्लंय, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. माझं नाणं म्हणजे सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया, मुंबई टांकसाळ. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, १९३८ चा रुपया बाजारात सहज मिळतो, १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली, आणि मधला हा १९३९ वाला इतका कमी सापडतो की त्याचा भाव १९३८ च्या कितीतरी पट जातो. त्यामुळे नकली करणाऱ्यांचाही तो लाडका.

आधी गेलो सराफ्यात टंच काढायला, म्हणजे चांदी किती शुद्ध आहे ते बघायला. बाहेरगावच्यांना इंदूरचा सराफा म्हणजे रात्रीची भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायची जागा वाटते, पण दिवसा ती सोन्याचांदीचीच गल्ली आहे, तेव्हा दिवसाच जा. लॅब छोटीशी, काम एकदम फास्ट, पैसे किरकोळ. पोऱ्याने नाणं स्टीलच्या चिमट्याने उचलायला घेतलं तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं, मीच मग कडेने धरून मशीनमध्ये ठेवलं. आणि हो, कसोटीवर घासू का असं विचारतील, सवयच असते त्यांना, साफ नाही म्हणा. एक्सआरएफ मशीनला, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या मशीनला, घासायची गरज नसते, मिनिटाभरात चिठ्ठी हातात आली: चांदी ९१.९ टक्के, तांबं ७.८. असायला हवी ९१.७, म्हणजे बरोबरच, पृष्ठभागावर आकडा जरा इकडेतिकडे होतो कारण मशीन वरचा पातळ थरच बघतं. वजन ११.६२ ग्रॅम. मूळ ११.६६, म्हणजे जुना एक तोळा, थोडी झीज धरली तर तेही ठीक. लॅबवाला म्हणे, "भिया, माल एक नंबर है."

माल एक नंबर आहे हे खरंय, पण नाणं एक नंबर आहे का, हे त्याला विचारून उपयोग नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. तीन स्टार. धातू सांगतो, तेवढं नीट सांगतो.

खरी तपासणी झाली रामबागेतल्या एका काकांकडे. दुकान नाही, बोर्ड नाही, नाणी जमवणाऱ्यांमध्ये तोंडोतोंडी नाव चालतं आणि त्यांनाही ते तसंच हवंय, म्हणून इथे लिहीत नाही. मी मोठ्या ऐटीत चिठ्ठी पुढे केली तर म्हणाले, "तो कागद खिशात ठेव आधी. चांदी खरी असणारच रे, आठाचा नऊ करणारा काय पितळ वापरेल?" हे ऐकून मला आख्खा मामला समजला. १९३८ चा अस्सल रुपया घ्यायचा, शेवटच्या आठाची खालची डावी बाजू कोरून काढायची, झाला नऊ! वजन बरोबर, टंच बरोबर, कड बरोबर, राजाचं डोकं तर अस्सलच. मशीनला त्यात पकडण्यासारखं काही उरतच नाही. मशीन कामाला येतं ते कुणी १९४० ते १९४५ च्या रुपयाशी खेळ केला असेल तर, कारण त्यात चांदी ५० टक्केच आहे, लगेच उघडं पडतं.

काकांनी नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि दहापटीच्या भिंगातून बराच वेळ फक्त शेवटचा आकडा बघितला, मग भिंग मला दिलं. नऊच्या पोटाखाली जी मोकळी जागा आहे ना, तिथेच सगळी गंमत. कोरलेलं असेल तर तिथली जमीन किंचित खोल किंवा घासलेली दिसते, बारीक समांतर ओरखडे असतात, आणि सगळ्या नाण्यावर चढलेली काळपट झाक नेमकी त्या जागी तुटते. आकडा वरून चिकटवलेला असेल तर त्याच्या पायाशी बारीक रेघ दिसते. माझ्याकडे झाक सलग होती, चारही आकड्यांभोवती सारखीच. मग मुंबई टांकसाळीची खूण असलेलं बारीक टिंब तपासलं, कडेचे दाते गोल फिरवत बघितले, कारण ओतीव नकलेत कडेवर सांधा असतो आणि तो कानशीने घासलेला कळतो. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे नाहीत, अक्षरांच्या कडा तीक्ष्ण.

पाण्याचाही प्रयोग केला त्यांनी. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य केला, नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवलं, तळाला टेकू न देता. काटा १.१२ वर थांबला. ११.६२ भागिले १.१२ म्हणजे घनता १०.३७, ह्या मिश्रणाला १०.३४ च्या आसपास यायला हवं, म्हणजे आतही तोच धातू. हे घरीही होतं, फक्त काटा दोन दशांशवाला हवा. शेवटी जुन्या लिलावांचे फोटो काढून बसले. का, तर अस्सल नाण्यावरून ठसा उतरवून नकला पाडल्या तर मूळ नाण्यावरचा एखादा ओरखडा सगळ्या नकलांवर जसाच्या तसा येतो. दोन वेगळ्या नाण्यांना एकाच जागी एकसारखी जखम दिसली की समजायचं. तसं काही निघालं नाही. "ठेव. चांगलंय," एवढाच निकाल.

तक्रारी आहेतच. काका लेखी काहीच देत नाहीत, त्यामुळे उद्या विकताना त्यांच्या शब्दाचा कागद होत नाही. फोन उचलत नाहीत. आणि मधेच मल्हारनगर टांकसाळीच्या सूर्यमुखी होळकरी रुपयांवर घसरले की तुमची दुपार गेली (ऐकायला मजा येते, ते वेगळं). तरी साडेचार स्टार.

कागद हवा तर स्लॅब, म्हणजे अमेरिकेतल्या एनजीसी किंवा पीसीजीएसकडून तपासून डबीत सीलबंद करून घेणं. माझं नाणं शंभर वर्षांच्या आतलं आहे म्हणून तो मार्ग मोकळा आहे. शंभरी ओलांडलेलं होळकरी किंवा शिंदेशाही नाणं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ते येतं, परस्पर देशाबाहेर पाठवायचं नाही, कुरिअरवाला काहीही म्हणो. आणि कुणी आधीच स्लॅबमधलं नाणं विकत असेल तर डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ओरखडान्‌ओरखडा जुळवा, कारण नकली डब्याही निघाल्यात, आणि त्यांच्यावर छापलेला नंबर बऱ्याचदा कुठल्यातरी खऱ्या नाण्याचाच असतो.